आईचा गंबो आणि एलरेचं तोंड

दक्षिण लुइझियानात हॉटेलात जाऊन माणूस काहीही मागवू शकतो. कालवं मागवा, तळलेला कॅटफिश मागवा, बेडकाच्या तंगड्या मागवा, कोणी वळूनही बघणार नाही. गंबो, म्हणजे तिथला कोळंबी-खेकड्यांचा दाट रस्सा, मात्र मागवायचा नाही. गंबो घरी खायचा, आणि तोही आपल्या आईच्या हातचा. हॉटेलात बसून गंबो ओरपणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर त्याची आई वारलेली असते. एलरे सोनिए परगावचा नव्हता, आणि त्याची आई अझेली ऐंशीच्या घरात असूनही ठणठणीत होती. त्यामुळे आठवड्यातून तीनचारदा बाहेर जेवणाऱ्या या गृहस्थाने साठी आली तरी बाहेरच्या गंबोला तोंड लावलं नव्हतं. बाकी कशाकशाला लावलं होतं, ते त्याच्या कमरेच्या पट्ट्याला विचारावं.

एलरेचा धंदा बोटींची इंजिनं विकण्याचा. एकदा त्याने ज्याच्याकडे बोटच नाही अशा माणसाला इंजिन विकलं होतं, आणि ही गोष्ट तो स्वतःच गावभर सांगत फिरायचा. याच्या जिभेला हाड नाही असं त्याची बायको कोरीन म्हणायची, आणि एलरेला ते कौतुक वाटायचं. असा हा बोलघेवडा माणूस आईसमोर उभा राहिला की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, ते म्हणजे "मस्त झालंय, आई."

आणि यंदा तर आईचं काहीच मस्त होत नव्हतं. गंबोची सगळी मदार असते ती पिठावर. तेलात पीठ टाकून मंद आचेवर ते हलवत राहायचं, चॉकलेटी रंग येईस्तोवर हात थांबवायचा नाही, आणि एक क्षण जरी जास्त झाला तरी ते करपतं. मग त्यात कांदा, मिरची, भेंडी, कोळंबी, खेकडे. आईचं पीठ उभ्या जन्मात कधी करपलं नव्हतं. आता ते दर रविवारी करपत होतं. शिवाय मीठ असं पडत होतं की वाडग्यातली कोळंबी समुद्रात परत आलो समजून पोहायला लागावी.

थोरला मुलगा म्हणून पहिला वाडगा एलरेसमोर यायचा. आई एप्रनला हात पुसत समोर उभी राहायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायची. एलरे घास गिळायचा. डोळ्यांत पाणी यायचं, ते तो भरून आलं म्हणून खपवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा तसा तो वाडगा संपवायचा आणि वर चेहरा असा फुलवायचा की बघणाऱ्याला वाटावं, याला लॉटरी लागली. आपण फार गुणी मुलगा आहोत, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं. पुढच्या रविवारी मीठ आणखी वाढलेलं असायचं.

ऑगस्ट संपता संपता त्याची बहीण व्हेल्टा हिने सगळ्या भावंडांना आपल्या अंगणात जमवलं. दर वर्षी उन्हाळा सरून उत्तरेचा पहिला गार वारा सुटला की सोनिए मंडळी कोणी न बोलावता आईकडे गंबोला जमतात. त्या दिवशी आमंत्रण वारा देतो. आजवर त्या दिवसाची सगळे वाट बघायचे. यंदा सगळ्यांना त्याची धास्ती होती, कारण व्हेल्टाच्या मुलीचं नवं सासर पहिल्यांदाच येणार होतं. ही माणसं पलीकडच्या गावची. त्यांच्याकडेही गंबो होतो, आणि त्यांनाही जीभ आहे. आईचं नाव पंचक्रोशीत होतं. ते त्यांनी हसण्यावारी न्यावं, हे कोणालाच सोसणारं नव्हतं. तेव्हा वारा सुटायच्या आत आईला कोणीतरी सांगायला हवं होतं की बाई, आता पळी खाली ठेव.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची म्हटल्यावर सगळ्यांनी एलरेकडे बघितलं. मग व्हेल्टा म्हणाली, "दादा, बोलायचा धंदा तुझा आहे."

"माझ्यावर सोडा," एलरे म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. गाडीत बसल्यावर त्याला दरदरून घाम फुटला.

मग त्याने एक युक्ती काढली. सरळ सांगण्यापेक्षा आईला दर गुरुवारी एकेका हॉटेलात जेवायला न्यायचं. बाहेरचं चांगलंचुंगलं खाऊन तिला सवय लागेल, एखाद्या ठिकाणचं आवडेल, आणि मग सहज म्हणता येईल की आई, यंदा तू आराम कर, तिथूनच मागवू. कोरीनने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली की यात आईला सांगणं कुठे आहे ते काही दिसत नाही, तुझं चापणं तेवढं दिसतंय. एलरेने तिकडे कानाडोळा केला.

आई नाही म्हणेल अशी त्याची खात्री होती. पण ती लगेच तयार झाली. फक्त म्हणाली, "मी गंबो मागवणार."

एलरेला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. चारचौघांत? हॉटेलात?

"माझी आई वारलेली आहे," ती शांतपणे म्हणाली. "मला चालतं."

पहिल्या गुरुवारी ते हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात गेले. तिथली वाढणारी बाई एलरेला ओळखत होती. सोनिएंच्या टेबलावर गंबो, हे लिहून घेताना तिने दोनदा मान वर करून पाहिलं. वाडगा आला तसा आईने तो एलरेपुढे सरकवला. "तू आधी." एलरेने दारूच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या भटजीसारखं चौफेर पाहिलं, चर्चमधलं कोणी नाही याची खात्री केली आणि चमचा तोंडात घातला. भांडी विसळलेल्या पाण्यात कोळंबी टाकावी तसं काहीतरी लागलं. त्याचं तोंड वाकडं झालं. आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, "हं" म्हणाली आणि वाडगा बाजूला सारून बिस्किटं खात बसली. चमचा बुडवूनही बघितला नाही. केवढा हा ताठा, एलरेच्या मनात आलं. मग फुकट जायला नको म्हणून त्याने तळलेले खेकडे मागवले आणि स्वतःच सगळे खाल्ले.

दुसऱ्या ठिकाणी गंबोत शहरी पद्धतीने टोमॅटो घातला होता. तो लाल रंग आईला वाडगा स्वयंपाकघराच्या दारात असतानाच दिसला. "ते न्यू ऑर्लिन्सवाल्यांना द्या," ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला. एलरेने भरलेला फ्लाउंडर मासा मागवला. फ्लाउंडर उत्तम होता. वातावरण तयार होतंय, असं त्याने कोरीनला घरी आल्यावर सांगितलं.

"ते पोटावर दिसतंय," कोरीन म्हणाली.

तिसऱ्या गुरुवारी कालवं. बर्फावर मांडलेली, ताजी, गलेलठ्ठ. त्यांच्यासोबत जो किसलेला पांढरा मुळा येतो तो आपला साधा मुळा नव्हे, तो इतका झणझणीत असतो की सुपारीएवढा घेतला तरी नाकातून धूर निघतो. आईने त्याचा भला मोठा गोळा कालवावर ठेवला आणि एका घासात सगळं गिळलं. डोळ्याची पापणी लवली नाही. एलरेला अभिमानाने भरून आलं. ऐंशीच्या घरातली बाई आणि ही ताकद! दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला त्याने ही गोष्ट सांगितली, आणि गोळ्याचा आकार दर वेळी थोडा वाढवला. त्यात काही चुकतंय, हे त्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच जेवणात त्याने एकदा धीर केला होता. पाणी पिऊन, घसा साफ करून म्हणाला, "आई, मला वाटतं, तू आता..."

"आता काय?" आईने त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं.

"आता बेडकाच्या तंगड्या घेऊ या का?"

घेतल्या. त्याही चांगल्या होत्या.

असे गुरुवार सरत गेले. आई प्रत्येक ठिकाणी गंबो मागवायची, वाडगा त्याच्यापुढे ढकलायची, त्याचं तोंड बघायची आणि हूं की चूं न करता दुसरं काहीतरी चिवडत बसायची. एलरेच्या पट्ट्याची भोकं संपली. व्हेल्टा रोज फोन करायची, आणि तो रोज सांगायचा की गोष्टी योग्य दिशेने चालल्या आहेत. ऑक्टोबर उजाडला तसा तो टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्या बघायला लागला. गावातली इतर माणसं गारवा कधी येतो म्हणून बघत, आणि हा तो येऊ नये म्हणून. मग एका बुधवारी त्या बातम्यांतल्या माणसाने हसत हसत सांगितलं की शनिवारी उत्तरेचा वारा. एलरेला त्या माणसाच्या हसण्याचा फार राग आला.

म्हणजे हातात एकच गुरुवार उरला होता. त्या दिवशी तो आईला ह्यूइट मेनार्डकडे घेऊन गेला. कोळंबीच्या बोटी लागतात त्या धक्क्यालगत ह्यूइटचं पत्र्याच्या छपराचं हॉटेल आहे. तिथे लांबलचक बाकं आहेत, डोक्यावर पंखे, आणि टेबलावर कागद अंथरतात. आज सांगायचंच, असं ठरवून एलरे आला होता. गाडीत त्याने वाक्यंही पाठ केली होती. बसल्या बसल्या बोलायचं, खाणं यायच्या आत, म्हणजे तंगड्यांची पळवाट राहणार नाही.

पण ह्यूइटचं स्वयंपाकघर चपळ निघालं. वाडगा आधी आला. काळपट तपकिरी, दाट, मधून खेकड्याची नांगी वर आलेली, भाताचा ढीग आणि कडेला बटाट्याच्या सॅलडचा गोळा. आईने तो सवयीने पुढे ढकलला. एलरेने चमचा तोंडात घातला, आणि पाठ केलेली सगळी वाक्यं विसरला.

त्याला काय झालं ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. पिठाचा तो खमंग, किंचित कडसर वास, कोळंबीची गोडी, मागून हळूच येणारं तिखट. गेल्या वर्षी याच दिवसांत आईच्या ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्लेला वाडगा त्याला आठवला. त्याने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला, मग मोजणं बिजणं काही राहिलं नाही. तो नांगी फोडून चोखत होता, हनुवटीवरून ओघळ येत होता, पावाने वाडगा पुसत होता. वाडगा लख्ख झाल्यावर त्याने मान वर केली. आई हातावर हनुवटी टेकून त्याच्याकडे बघत होती. किती वेळ, कोण जाणे.

बाहेरच्या गंबोवर आईच्या डोळ्यांदेखत असा ताव! एलरे कानापर्यंत लाल झाला.

"कसा होता?" आईने विचारलं.

"बरा होता."

"बरा? वाडग्याचा रंग तेवढा उरलाय."

एलरे खाली बघत कागदावरचे डाग पुसायला लागला. आईने तो रिकामा वाडगा बाजूला सारला. मग म्हणाली, "एलरे, मला चव कळत नाही."

"याची? तू खाल्लास कुठे?"

"कशाचीच. जानेवारीत तो ताप आला होता ना, तेव्हापासून. वासही येत नाही. कॉफी पिते ते गरम पाणी म्हणून. डॉक्टर म्हणाला, आली तर येईल." तिने बिस्किटाचा एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "कोणाला सांगितलं नाही. सांगून काय करायचं? दुसऱ्या दिवसापासून मला खुर्चीत बसवलं असतंत."

एलरेला तो पांढऱ्या मुळ्याचा गोळा आठवला. "मग गंबो कसा करतेस?"

"तुझं तोंड बघून."

एलरेचा हात नकळत हनुवटीवरच्या ओघळाकडे गेला.

"पहिला वाडगा तुला देते ना मी. तू खायचास, मी बघायचे. तोंड फुललं की म्हणायचं, जमलं. पण मनाला शंका राहायची, अळणी तर झालं नसेल. म्हणून पुढच्या वेळी चिमूटभर मीठ जास्त टाकायचे, तर तुझं तोंड आणखी फुलायचं. मला वाटायचं, पोराला असंच आवडतंय. मग आणखी." आई सावकाश, नीट समजावून सांगत होती. "मग तू मला हॉटेलांत न्यायला लागलास. तिथे तुझं तोंड निराळंच. वाईट लागलं की वाईट दिसायचं. मला पहिल्याच दिवशी शंका आली. म्हटलं, चांगलं लागल्यावर कसं दिसतं तेही बघू. त्यासाठी आले मी इतके गुरुवार. आज दिसलं. आत्ता जे तोंड केलंस ना, ते तू या वर्षात माझ्या घरात एकदाही केलं नाहीस."

एलरेला सगळं लख्ख कळलं.  आपण गुणी मुलगा म्हणून मिरवत होतो, आणि दर रविवारी, आंधळ्याला चुकीची वाट दाखवावी तसं, आईला भिंतीकडे ढकलत नेत होतो. तिने त्याची जीभ उसनी घेतली होती आणि त्याने ती खोटी दिली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या लांब बाकाखाली शिरून बसावंसं वाटलं. पण पोटाकडे बघता तेही जमणारं नव्हतं.

"आता सांग," आई म्हणाली. "काय बिघडलंय?"

"तसं काही फार नाही, आई, थोडंसं..."

"एलरे."

 "खारट होतो. फार. तोंडात धरवत नाही. आणि पीठ करपतं."

"कधीपासून?"

"ईस्टरच्या आधीपासून."

आईने मनाशी हिशेब केला. "ईस्टरला फादर जेवायला होते."

"हो."

"त्यांनी परत मागून घेतला."

"ते फादर आहेत, आई."

ती हसली नाही. कागदावर सांडलेला चुरा तिने हाताने एकत्र केला, आणि पुन्हा पसरवला. एलरेने तिचा हात धरला. खूप वर्षांत धरला नव्हता. मग ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नाही, असं त्याला वाटलं. म्हणाला, "शनिवारचं इथूनच मागवू या का? ह्यूइटला मी सांगतो. कोणाला कळणारही नाही."

आईने हात काढून घेतला. "तुझी आई मेलीय का?"

"नाही."

"मग शनिवारी सगळ्यांच्या आधी ये. आणि येताना ते फुललेलं तोंड घरी ठेवून ये. मला जीभ हवी आहे."

शनिवारी वारा सुटला. एलरे सकाळीच आईच्या ओट्यापाशी उभा राहिला. आई पीठ हलवत होती आणि तो पातेल्यावर वाकून वास घेत होता. आता कसा वास येतोय, ती विचारायची. अजून कच्चा, तो सांगायचा. आता? आता भाजल्या शेंगदाण्याचा. आता? तो दोनदा घाबरून थांब म्हणाला आणि दोन्ही वेळा ती थांबली नाही, म्हणाली की रंग अजून यायचाय एवढं डोळ्यांना कळतं मला, करपायची वेळ तेवढी वास सांगतो. तिसऱ्यांदा दोघं एकदमच थांबले. मग मिठाची वेळ आली. तिने पळी त्याच्या तोंडाला लावली, आणि इतक्या रविवारांच्या सवयीने त्याचं तोंड आपोआप फुलायला लागलं. आईने पळीने त्याच्या बोटांवर सणसणीत एक ठेवून दिली. "तोंड नको. बोल." तो बोलला. वर्षभर खारट गिळलेल्या त्या जिभेला मिठाची इतकी धास्ती बसली होती की चिमूटभर पडताच तो पुरे म्हणाला.

दुपारी माणसं जमली. घर भरलं. व्हेल्टाने एलरेला कोपऱ्यात घेऊन विचारलं, सांगितलंस ना? सांगितलं, तो म्हणाला. मग ही पातेल्यापाशी काय करतेय, असं व्हेल्टाच्या तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात तिचे नवे व्याही आत आले. वाडगे फिरले. सगळ्यांनी एकमेकांकडे चोरून बघत, विहिरीत उडी मारावी तसा पहिला घास घेतला. मग खोलीतून सुटकेचा एकच सुस्कारा निघाला, आणि चहूकडून सुरू झालं. मस्त झालंय, आई. मस्त, आजी. व्याही म्हणाले, असा गंबो आम्ही कुठे खाल्ला नाही.

आईचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती एप्रनला हात पुसत एलरेसमोर उभी होती. एलरेच्या तोंडात घास होता. पीठ उत्तम होतं. कोळंबी उत्तम होती. आणि हे सगळं बरं चाललं होतं, सगळे खूश होते, व्याही खूश होते, एक मान डोलावली की दिवस साजरा झाला असता. व्हेल्टा लांबून डोळे वटारत होती. त्याने घास गिळला.

"मिठाला कमी पडलंय, आई," तो म्हणाला.

 व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. व्हेल्टाने पुढे येऊन भावाच्या नडगीवर लाथ मारली आणि दातओठ खात म्हणाली, "दादा, लाज वाटते का तुला?"

"गप्प बस, व्हेल्टा," आई म्हणाली. तिने मिठाची बरणी उचलून एलरेच्या हातात दिली. "किती?"

तो पातेल्यापाशी गेला. चिमूट टाकली, हलवलं, चाखलं. मान हलवली. आणखी एक टाकली, हलवलं, चाखलं. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते, आणि आई त्याच्या तोंडाकडे. या वेळी त्याचं तोंड ह्यूइटकडे झालं होतं तसं झालं. पळी पुन्हा बुडवली आणि उभ्या उभ्या, भुरका मारून प्यायला.

आईने एक वाडगा घेतला, पातेल्यातून भरला आणि खुर्ची ओढून सगळ्यांच्या मध्ये बसली. त्यातल्या कशाचीही चव तिला लागत नव्हती. तिने तो सावकाश, शेवटपर्यंत संपवला.